डिझाईन खोलीतला १५ इंची मॉनिटर : दुरुस्तीच्या नोंदी

१८ मार्च

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कार्ड पंचिंगवाल्यांचा (मागावर नक्षी विणायला लागणारी भोकांची कार्डं पाडून देणाऱ्यांचा) मॉनिटर आज दुकानात आला. १५ इंची, रंगीत, काचेच्या पिक्चर ट्यूबचा. मालक रिक्षात मांडीवर धरून घेऊन आले, सोबत त्यांचे डिझायनर अण्णा. तक्रारी अण्णांनीच सांगितल्या, कारण दिवसभर त्याच्यासमोर बसणारे तेच. चित्र यायला फार वेळ लागतो. आलं तरी त्यावर तिरक्या पांढऱ्या रेघा असतात. वरच्या कडेला दोन बोटं चित्र दुमडतं. मध्ये एकदा सगळं चित्र जाऊन फक्त एक आडवी रेघ उरली होती, वर थाप मारली तेव्हा परत आलं. आणि शेवटची, त्यांना सगळ्यात जास्त छळणारी : "काका, डिझाईन उघडलं की सगळं हलायलंय बघा, पाण्यात बघितल्यासारखं."

एलसीडी का घेत नाही, हे विचारलंच. कारण पटलं. त्यांचं सॉफ्टवेअर डॉस या जुन्या सिस्टिमवर चालतं आणि पंचिंग मशीनचं इंटरफेस कार्ड जुन्या कॉम्प्युटरमधल्या आयएसए स्लॉटमध्येच बसतं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलता येत नाही. डिझाईन ६४० बाय ४८० मध्ये उघडतं. पडद्यावरची एक चौकट म्हणजे कापडातला एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना भेटतात ती जागा. अण्णा चौकटी मोजत टॉवेलच्या किनारीवरचं फूल काढतात. १०२४ बाय ७६८ च्या एलसीडीवर हेच चित्र १.६ पट ताणावं लागतं. एका ठिपक्याचे १.६ ठिपके करता येत नाहीत, म्हणून काही चौकटी जाड होतात, काही बारीक, काही पुसट. रुंद पडद्यावर तर चौकोनाचा आयत होतो आणि फूल आडवं फुगतं. ट्यूबचं असं नाही. सिग्नल जितक्या रेघांचा असेल तितक्याच रेघा ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा किरण काढतो, ताणाताणीचा प्रश्नच येत नाही.

दुकानात लावून पाहिला. चित्र उजळायला दीड-दोन मिनिटं गेली. पांढरा रंग चंदेरी दिसतो, ठळक अक्षरांच्या कडा ओघळतात. तिरक्या रेघा आहेत. वरची दुमड आहे. आडव्या रेघेचा प्रकार आज झाला नाही. हलणं मात्र अजिबात नाही. ६४० बाय ४८० मध्येच बराच वेळ चालू ठेवला, एकदम स्थिर. म्हणजे हलण्याचं मूळ मॉनिटरमध्ये नसून त्यांच्या खोलीत असणार. तिकडे जाऊनच बघावं लागेल. आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो : चालू करताना डीगॉसचा (ट्यूबमधलं चुंबकत्व पुसणाऱ्या कॉइलचा) 'धुम्' आवाज आला नाही.

दुकानात शिकायला येणाऱ्या पोराला स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची घाई असते. त्याला आज नुसतं समोर बसवलं. झाकण काढायच्या आधी चित्र वाचायचं. उंची गेली तर व्हर्टिकल (किरण वर-खाली नेणारं सर्किट), रुंदी गेली तर हॉरिझॉन्टल (आडवा नेणारं), एक रंग गेला तर केबल किंवा नेकवरचं (ट्यूबच्या मागच्या बारीक नळीवरचं) कार्ड, चित्र नीट पण रंगाचा डाग पडला तर चुंबकत्व. अर्धा शोध इथेच लागतो. जे मेकॅनिक हे न बघता ईएचटीवरचे (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचे) कंट्रोल फिरवायला लागतात, त्यांच्या हातून मूळ दोष झाकला जातो आणि ट्यूबचं आयुष्य कमी होतं. नवी ट्यूब आता कुठे मिळणार?

१९ मार्च

झाकण काढलं. आत कापसाच्या रुईचा थर, ईएचटी आणि ॲनोडच्या रबरी टोपीभोवती तर बोटभर. हाय व्होल्टेज असतं तिथे धूळ ओढून चिकटते, आणि त्यांच्याकडे भिंतीपलीकडेच माग चालतात.

रुई काढायच्या आधी डिस्चार्ज. हे पोराकडून करून घेतलं, पण हात धरून. रंगीत १५ इंची ट्यूबच्या ॲनोडला साधारण २५ हजार व्होल्ट असतात. ट्यूबची काच स्वतःच कॅपॅसिटर असते, आतून आणि बाहेरून काळा लेप, मध्ये काच. त्यामुळे प्लग काढला तरी चार्ज आत बसून राहतो. लांब, जाड प्लास्टिकच्या मुठीचा चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या दांड्याला क्लिपची वायर, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या मागून ताणून बसवलेल्या उघड्या तारेच्या अर्थिंगला. सर्किटमधल्या कुठल्याही जवळच्या पॉइंटला लावायचं नाही, नाहीतर तो झटका आयसीतून जातो. मग टोक हळूच रबरी टोपीखाली सरकवायचं. 'टच्' आवाज येतो. थोडं थांबून परत करायचं, कारण काचेत मुरलेला चार्ज पुन्हा वर येतो. दुसऱ्या वेळी बारीक का होईना ठिणगी पडली, तेव्हा पोराला पटलं.

मेनच्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टचे डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्ट असतात. तो शॉर्ट करायचा नाही, होल्डरमधल्या बल्बमधून रिकामा करायचा. ट्यूब कधीही मागच्या बारीक नळीला धरून उचलायची नाही. ती मोडली की व्हॅक्यूम गेला, ट्यूब संपली.

मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ केला. सिरीज बोर्डवर बल्ब लावून शॉर्ट नाही याची खात्री केली आणि आजचं काम थांबवलं.

२० मार्च

उशिरा येणारं, चंदेरी, ओघळणारं चित्र आणि तिरक्या रेघा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. एकातून दुसरी जन्मली आहे, आणि मधला दुवा माणसाचा हात आहे.

तिरक्या रेघा म्हणजे रिट्रेस. किरण खाली पोचल्यावर वर परततो तेव्हा तो विझलेला असायला हवा. ईएचटीवरचा खालचा कंट्रोल, ज्याला आपण स्क्रीन म्हणतो, तो प्रमाणाबाहेर वाढवला की किरण पूर्ण विझत नाही आणि परतीच्या वाटेच्या रेघा दिसतात. कंट्रोलवर कारखान्यातून आलेली लाल रंगाची खूण होती ती तुटलेली आहे. कुणीतरी फिरवलाय. का फिरवला असेल? चित्र काळपट दिसत होतं म्हणून. मग काळपट का होतं, हा खरा प्रश्न.

हीटर, म्हणजे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तापवणारी तार, मोजला. या मॉनिटरमध्ये हीटरला पॉवर सप्लायमधून सरळ डीसी येतं, म्हणून साध्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवता येतो. जुन्या टीव्हीत हीटर ईएचटीच्या पल्सवर चालायचा, तिथे साधा मीटर काहीही आकडा दाखवतो. ६.३ व्होल्ट हवेत. मिळाले ५.१. कॅथोड नीट तापत नाही, इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत. उशिरा उजळणं, पांढऱ्यात चंदेरी झाक, ओघळणाऱ्या कडा, सगळं याच्याशी जुळतं. या लक्षणांवरून पुष्कळ जण 'ट्यूब वीक झाली' म्हणून मॉनिटर भंगारात काढतात. ट्यूबवर शिक्का मारायच्या आधी हीटरचे व्होल्ट मोजायला एक मिनिट लागतं.

सप्लायकडे मागे मागे जात राहिलो. त्या लाइनवरचा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता. बदलला. नेकवरच्या कार्डावर हीटरच्या पिनेचं सोल्डरही निस्तेज झालं होतं, ते नव्याने केलं. आता ६.२ व्होल्ट. चित्र अर्ध्या मिनिटाच्या आत आलं.

आता स्क्रीन खाली आणायचा. काँट्रास्ट पूर्ण कमी, ब्राइटनेस मध्यावर, पडद्यावर काळं चित्र. खोलीतला दिवा बंद करून स्क्रीन वाढवत नेला. काळ्या पडद्यावर राखाडी उजेड जेमतेम दिसायला लागला, तिथून जरासा मागे घेतला. तिरक्या रेघा गेल्या. कमी तापलेल्या कॅथोडकडून स्क्रीन वाढवून जबरदस्तीने करंट ओढत राहणं ट्यूबला फार वाईट. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे, तरीही तिन्ही रंग समान उठतात. ट्यूब चांगल्या जातीची आहे.

२२ मार्च

व्हर्टिकल. याच्यावर सावकाश बसलो, कारण इथे दोन दोष एकमेकांत मिसळले होते.

आडवी रेघ उरणं म्हणजे किरण डावीकडून उजवीकडे जातोय, पण वर-खाली जात नाहीये. असं झालं की पहिलं काम ब्राइटनेस कमी करणं किंवा सरळ बंद करणं. अख्ख्या पडद्याचा मारा एका रेघेवर पडतो आणि तिथला फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) कायमचा जळतो. अण्णांना हे सांगून ठेवलंय. थाप मारल्यावर चित्र परत येतं, म्हणजे कुठेतरी सांधा सुटलाय.

व्हर्टिकलची आयसी टीडीए ८१७२. सात पायांची, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) स्क्रूने घट्ट बसवलेली. बोर्ड उलटा करून भिंगाखाली बघितला. पाचव्या पायाभोवती, जिथून योककडे (नेकवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलकडे) आउटपुट जातं, सोल्डरच्या टेकाडात अंगठीच्या आकाराची बारीक काळी भेग. वरून बघितलं तर सोल्डर चकचकीत, काही झालंय असं वाटतच नाही. पाय लाकडी काडीने हलवला की भेगेच्या आतला पाय सोल्डरपासून वेगळा हलतो. हे आयसीच्या गरम-थंड होण्याने होतं. हीटसिंक जड, पाय पातळ, रोज तापून प्रसरण पावायचं आणि रात्री आकसायचं. वर्षानुवर्षांनी सांधा थकतो. पोराला भिंग देऊन ती भेग स्वतः शोधायला लावली. दिव्याचा कोन बदलत बदलत त्याने शोधली आणि मग योकच्या कनेक्टरवरची दुसरीही त्यानेच दाखवली.

नुसतं सोल्डरिंग आयर्न लावून सोल्डर वितळवलं तर भेग वरून बुजते, आतलं काजळलेलं सोल्डर तसंच राहतं. म्हणून जुनं सगळं शोषून काढलं, पाय खरवडला, फ्लक्स लावून नवं सोल्डर दिलं. सातही पाय, योकचा कनेक्टर आणि ईएचटीचे सगळे पाय.

रेघेचा प्रश्न सुटला. दुमड तशीच.

आता दुमड का पडते? किरणाला खाली यायला भरपूर वेळ असतो, वर परतायला अगदी थोडा. एवढ्या थोड्या वेळात योकमधला करंट उलटा फिरवायचा तर नेहमीचा सप्लाय पुरत नाही. म्हणून या आयसीत एक सोय असते. तिसऱ्या आणि सहाव्या पायात एक कॅपॅसिटर असतो. किरण खाली येत असताना तो सप्लायवर भरून घेतो आणि परतीच्या क्षणी आयसी त्याला सप्लायच्या डोक्यावर उभा करते. क्षणभर जवळजवळ दुप्पट व्होल्ट मिळतात आणि किरण झटकन वर पोचतो. हा कॅपॅसिटर सुकला की किरण वेळेत वर पोचत नाही. चित्राच्या पहिल्या रेघा सुरू झालेल्या असतात आणि किरण अजून वाटेतच. त्या रेघा परतीच्या वाटेवर काढल्या जातात, आणि वरची पट्टी उलटी होऊन खालच्यावर पडते.

खात्री करायला कॅपॅसिटरला केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा दिली. बघता बघता दुमड उलगडत गेली, सगळ्यात वरची ओळ वाचता यायला लागली. हवा बंद केली, हळूहळू परत मिटली. आत ओलं रसायन असलेला हा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकला तरी गरम झाला की थोडा सावरतो, म्हणून सकाळी दुमड जास्त आणि दुपारी कमी. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "हो की, जेवणानंतर बरं असतंय." बाहेर काढून मोजला : वर लिहिलेत १०० मायक्रोफॅरड, भरले १८.

हा कॅपॅसिटर हीटसिंकला खेटून बसवलेला आहे. रचनाच चुकीची. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. बाहेर सोलापूरचं ऊन, आत हीटसिंक, आणि कॅपॅसिटर ८५ डिग्रीपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला. एवढा टिकला हेच खूप.

२३ मार्च

१०५ डिग्रीचे कॅपॅसिटर हवेत. दुकानात ८५ चे आहेत, ते लावणार नाही. पुण्याहून मागवले. व्हर्टिकल आणि पॉवर सप्लायच्या आउटपुटकडचे सगळेच घेतोय, एकेक सुकण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

२७ मार्च

आले, बसवले. तिसऱ्या-सहाव्या पायातला नवा ५० व्होल्टचा घेतला आणि हीटसिंकपासून होईल तितका दूर वाकवून ठेवला. दुमड गेली. सकाळी थंड असतानाही वरची ओळ सरळ.

२८ मार्च

आज मापं. बाकीच्यांसाठी चित्र पडदाभर दिसलं की झालं, अण्णांसाठी तेवढं पुरत नाही. चौकट चौरस दिसली नाही तर त्यांचा डोळा फसतो आणि कापडावर फूल चपटं येतं.

क्यूबेसिकमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला : ६४० बाय ४८० मध्ये दर ३२ ठिपक्यांवर एक उभी आणि एक आडवी रेघ. २० उभे रकाने, १५ आडव्या ओळी. या ट्यूबचा दिसणारा भाग कर्णात १३.८ इंच. चित्र २८० मिलिमीटर रुंद आणि २१० उंच ठेवलं की प्रत्येक चौकट दोन्ही बाजूंनी बरोबर १४ मिलिमीटर येते. स्टीलची पट्टी काचेवर धरून मोजत बसलो. काच जाड आणि वक्र आहे, म्हणून एक डोळा मिटून रेघेच्या नेमकं समोर डोकं नेऊन बघायचं, नाहीतर मिलिमीटरभर फरक सहज पडतो.

मध्यावर १४, डाव्या कडेला १५, उजव्या कडेला १३. लिनिॲरिटी, म्हणजे चौकटींचा सारखेपणा, जरा बिघडलेली. हॉरिझॉन्टल लिनिॲरिटीच्या कॉइलचा गाभा आधी कुणी हलवलेला नव्हता, मेण शाबूत होतं. मेण गरम करून प्लास्टिकच्या चावीने अगदी थोडा फिरवला, दोन्ही कडा चौदाच्या आसपास आल्या. पिनकुशन (चित्राच्या कडा आत वाकणं) मेनूतूनच जमलं. कोपरे पूर्ण काटकोनात येत नाहीत, या ट्यूबच्या आणि योकच्या जोडीत तेवढं राहणारच.

डॉसचा मजकूर ७२० बाय ४०० मध्ये येतो आणि डिझाईन ६४० बाय ४८० मध्ये. दोघांची हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी एकच, ३१.५ किलोहर्ट्झ. फरक मॉनिटरला कळतो तो सिंकच्या (रेघ आणि चित्र कधी सुरू करायचं ते सांगणाऱ्या सिग्नलच्या) पोलॅरिटीवरून : डिझाईनच्या मोडमध्ये दोन्ही सिंक निगेटिव्ह, मजकुराच्या मोडमध्ये व्हर्टिकल पॉझिटिव्ह. मॉनिटर दोन्हींची मापं वेगवेगळी लक्षात ठेवतो. म्हणून मजकुरासाठी वेगळं ॲडजस्ट केलं. हे कुणी करत नाही आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, मोड बदलला की चित्र उडी मारतं.

३० मार्च

नेण्याआधी शेवटची चाचणी घेताना चित्र पिवळं. निळा गेला. केबल कनेक्टरपाशी वाकवली की येतो-जातो. तिसऱ्या पिनेची तार तुटली होती. कनेक्टर कापून नवा लावला, सिंकच्या तेरा आणि चौदा नंबरच्या पिना दोनदा तपासून.

३ एप्रिल

मॉनिटर घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. साखर पेठेच्या पुढे गल्लीत खाली माग, वर राहणं, असं घर. पुढच्या खोलीत पंचिंग मशीन, आतल्या खोलीत भिंतीला लावून अण्णांचं टेबल. चालू केला, डॉसचा मजकूर आला, स्थिर. डिझाईन उघडलं आणि सगळ्या उभ्या रेघा सळसळायला लागल्या. दुकानात हाच मॉनिटर, हाच मोड, एक रेघ हलत नव्हती.

मजकूर स्थिर आणि डिझाईन हलतं, यामुळे सगळ्यांचा संशय सॉफ्टवेअरवर गेला होता. मला यातच उत्तर दिसलं. डिझाईनचा मोड सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, मजकुराचा ७०. लाइट ५० हर्ट्झची. जवळ कुठे ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असेल तर ते किरणाला ढकलतं आणि प्रत्येक चित्रात हा धक्का थोडा पुढे सरकतो. ६० मधून ५० गेले, दहा. सेकंदाला दहा वेळा हलणारी रेघ डोळ्याला स्पष्ट दिसते. ७० मधून ५० गेले, वीस. तेवढ्या वेगाने हललेलं जवळजवळ कळत नाही, अक्षर किंचित जाड वाटतं एवढंच. बारकाईनं बघितल्यावर मजकुराच्या कडा खरोखरच जाड होत्या.

म्हणजे आता क्षेत्र शोधायचं. मॉनिटर टेबलावरच वळवला तर हलण्याचं प्रमाण बदलतं. टेबलाच्या डाव्या टोकाला जास्त, उजव्या टोकाला कमी. मालकांना विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे? शेजारच्यांचा माग. आणि भिंतीला लागून काय? कुणालाच आठवेना, म्हणून शेजारी जाऊन बघितलं. अण्णांच्या टेबलाच्या नेमकं पाठीमागे थ्री-फेज सर्वो स्टॅबिलायझर (मागांना येणारे व्होल्ट स्थिर ठेवणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला), दिवाळीनंतर बसवलेला. अण्णांच्या मॉनिटरचं हलणंही तेव्हापासूनच. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, स्टॅबिलायझरवरचा लोड उतरला, पडद्यावरच्या रेघा जागेवर आल्या. माग सुरू झाले, परत सळसळ. याहून मोठा पुरावा नको.

मालक म्हणाले, "मध्ये पत्रा ठोकू का?" नको. विटांची भिंत या क्षेत्राला काहीच अडवत नाही, ॲल्युमिनियमचा पत्रा ५० हर्ट्झला जवळपास निरुपयोगी, आणि पातळ लोखंडी पत्रा थोडं अडवतो, पण ट्यूबच्या जवळ तो स्वतः चुंबक होऊन रंग बिघडवतो. अंतर हाच उपाय. ट्रान्सफॉर्मरचं बाहेर सांडणारं क्षेत्र अंतर दुप्पट केलं की साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. शेजाऱ्यांना स्टॅबिलायझर हलवायला सांगणं म्हणजे त्यांचं वायरिंग काढणं. टेबल समोरच्या भिंतीला नेणं सोपं. अण्णांना ती जागा आवडली नाही, खिडकीचा उजेड डाव्या खांद्यावरून यायचा तो आता समोरून येईल. जाड पडदा लावायचं ठरलं. टेबल हलवलं, माग चालू असताना डिझाईन उघडलं. स्थिर.

४ एप्रिल

अपेक्षा होती तेच झालं. टेबल उलट्या दिशेला गेल्याने मॉनिटरचं तोंड फिरलं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्यावर आता उलट्या बाजूने पडतंय, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तांबड्याचा नारिंगी झालाय. खालच्या उजव्या कोपऱ्यात जांभळट छटा. ट्यूबमध्ये फॉस्फरच्या मागे पातळ पोलादी जाळी असते, तिच्या भोकांतून प्रत्येक किरण आपल्याच रंगावर पडतो. जाळी चुंबकली की किरण शेजारच्या रंगावर चढतो. अण्णांसाठी ही शोभेची गोष्ट नाही : डिझाईनमधला प्रत्येक रंग म्हणजे वेगळी वीण. तांबडं आणि नारिंगी वेगवेगळे असतील आणि कोपऱ्यात एकच दिसत असतील, तर चुकीचं कार्ड पंच होतं आणि चूक दिसते ती कापड उतरल्यावर.

नेहमी हे आपोआप निघून जातं, चालू करताना डीगॉस कॉइल जाळी पुसून घेते. ती मेलेली आहे, १८ मार्चलाच लिहिलंय.

कॉम्प्युटरवर ठेवलेला गाण्यांचा स्पीकर, त्यातही चुंबक असतो, तेवढा खाली उतरवायला सांगितला. मॉनिटर परत दुकानात.

९ एप्रिल

कॉइल चांगली. रिले टिकटिकतो. कॉइलचा करंट सांभाळणारा पॉझिस्टर काढून कानाशी हलवला तर आत खडखड. आतली चकती फुटून तिचे तुकडे झालेत. हा भाग थंड असताना कमी रोध देतो, कॉइलमधून जोराचा एसी करंट जातो. मग तो स्वतःच तापतो, रोध वाढत जातो आणि करंट हळूहळू विझतो. चुंबकत्व जातं ते या हळूहळू विझण्याने, करंट एकदम तोडला तर उलट जास्त चुंबकतं. जुन्या टीव्हीच्या बोर्डवरून थंड रोध जुळणारा, १८ ओहमचा पॉझिस्टर काढून लावला. चालू करताच 'धुम्'.

इतक्या जुन्या चुंबकत्वाला आतली कॉइल एका दमात पुरत नाही, म्हणून हातातली कॉइल वापरली. ही आम्ही भंगारातल्या टीव्हीच्या डीगॉस कॉइलला दुमडून लहान कडं करून, १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून बनवली आहे. बटण दाबून धरायचं, पडद्यासमोर गोल फिरवत मागे मागे यायचं, सहा-सात फूट आल्यावर कडं आडवं करायचं, मगच बटण सोडायचं. हे शेवटी त्यांच्या खोलीत, मॉनिटर नव्या जागी ठेवूनच केलं. त्याआधी अण्णांच्या डिझाईनच्या सगळ्या फ्लॉपी, कॉइलने पुसल्या जाऊ नयेत म्हणून, वरच्या मजल्यावर पाठवल्या, घरातल्या बाईंच्या ताब्यात.

सबंध पडदा तांबडा करून बघितला. चारही कोपरे एकसारखे तांबडे.

अण्णांना एक सांगितलं : लाइट गेली आणि लगेच आली, तर डीगॉस होत नाही, कारण पॉझिस्टर अजून गरम असतो. डाग वाटला तर मॉनिटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग चालू करा.

२६ एप्रिल

फोनवर चौकशी केली. पारा चाळिशीच्या पुढे आहे. दुपारभर चालू असतो, दुमड नाही, रेघ नाही. मागची जाळी झाकू नका, वर कापड टाकू नका, आठवड्याला ब्रशने रुई काढा, एवढंच सांगितलं.

२ जुलै

पाऊस लागल्यावर नवी तक्रार. सकाळी अक्षरं धूसर, अर्ध्या तासाने आपोआप लखलखीत. मालकांना वाटलं फोकस कंट्रोल फिरवावा. फोनवरच थांबवलं. आपोआप सुधारणाऱ्या फोकसला कंट्रोल फिरवला तर दुपारी उलटा बिघडेल. दमट हवेत सुरू होतं आणि गरम झाल्यावर जातं, म्हणजे ओलाव्याने गळती होतेय. बहुतेक वेळा ती नेकवरच्या सॉकेटमध्ये असते. फोकसच्या पिनेवर ॲनोडच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकं व्होल्टेज असतं आणि तिच्यासाठी सॉकेटमध्ये वेगळा बंद कप्पा असतो. त्यात ठिणगीची जागा ठेवलेली असते, तिथे गंज आणि ओल साठते.

४ जुलै

सॉकेटचा कप्पा उघडला. पिनेवर हिरवट भुकटी. स्पिरिटने पुसून काही दिवस चाललं असतं, पण पुढच्या पावसाळ्यात परत हेच. भंगारातल्या मॉनिटरच्या कार्डवरून सॉकेट काढला. आधी नेकची जाडी मोजली, कारण २२.५ आणि २९ मिलिमीटर अशा दोन मापांच्या नेक असतात आणि एकाचा सॉकेट दुसऱ्याला बसत नाही. ही २९ ची आहे. बसवून रात्रभर बंद ठेवला. सकाळी पाऊस चालू असतानाच लावला, पहिल्या मिनिटापासून अक्षरं टोकदार. फोकस कंट्रोलला हात लावला नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्यावर : हीटर ६.२ व्होल्ट, स्क्रीन कंट्रोलची नवी खूण कुठे, टीडीए ८१७२ च्या तिसऱ्या-सहाव्या पायातला कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट १०५ डिग्री, पॉझिस्टर १८ ओहम, नेक २९ मिलिमीटर, चौकट १४ मिलिमीटर. भंगारातल्या त्या मॉनिटरची ईएचटी चांगली निघाली, पण या बोर्डला पाय जुळत नाहीत. योग्य नंबरची मिळेल तेव्हा घेऊन ठेवायची, पैसे मालकांनी आगाऊ दिलेत.